घरातली उपकरणे ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर कशी आणावीत आणि तिथेच कशी टिकवावीत

फायबरचे २०० एमबीपीएसचे कनेक्शन घ्यावे, राउटरपासून दहा फुटांवर बसून फोनवर वेग मोजावा आणि आकडा ३५-४० च्या पुढे सरकू नये, असा अनुभव पुष्कळ घरांत येतो. तक्रार केल्यावर कंपनीचा माणूस येतो, लॅपटॉपला केबल लावून पूर्ण २०० एमबीपीएस दाखवतो आणि निघून जातो. त्याचे काही चुकलेले नसते, कारण कनेक्शन खरोखरच ठीक असते. फोन मात्र राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवर (रेडिओ लहरींच्या पट्ट्यावर) बसलेला असतो आणि त्याच राउटरचा वेगवान ५ गिगाहर्ट्झ बँड रिकामा पडून राहतो. हा दोष नवा राउटर न घेता, एका सुट्टीच्या दिवशी तीन-चार तास देऊन दूर करता येतो. त्यासाठी कामे कोणत्या क्रमाने करावीत, ते पुढे सांगितले आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक जण शेवटचा उपाय सर्वांत आधी करतात.

आधी एक समज पक्की करून घ्यावी. कोणत्या बँडवर जोडले जायचे, हे फोन किंवा लॅपटॉप स्वतः ठरवतो. राउटर फार तर सुचवू शकतो. फोनला दोन्ही बँडचे सिग्नल ऐकू येतात आणि त्याच्या चिपमध्ये बसवलेल्या नियमांनुसार तो त्यांतला एक निवडतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी साध्या मोकळ्या जागेतही २.४ च्या तुलनेत सहा-सात डेसिबलने (डेसिबल म्हणजे सिग्नलच्या जोरातला फरक मोजण्याचे माप) क्षीण पोहोचतात आणि भिंती मध्ये आल्या की हा फरक आणखी वाढतो. त्यामुळे नुसत्या सिग्नलच्या जोरावर निवड झाली तर २.४ गिगाहर्ट्झ जवळजवळ नेहमीच जिंकतो. आपले काम एवढेच की, फोनला ५ गिगाहर्ट्झ निवडावासा वाटेल अशी घरातली परिस्थिती तयार करायची.

एक गोंधळही इथेच मिटवावा. राउटरच्या नावापुढे '५जी' असे लिहिलेले असते, त्याचा मोबाइलच्या ५जी सेवेशी काहीही संबंध नाही. "माझा फोन ४जी आहे, मला ते चालणार नाही," असे म्हणून घरातली वडील मंडळी ते नेटवर्क कधी वापरतच नाहीत. ४जी फोनलाही ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय बिनदिक्कत चालते, फक्त त्याच्या वाय-फाय चिपमध्ये ती सोय हवी.

कोणाला ५ गिगाहर्ट्झ चालते, आणि सध्या कोण कुठे आहे

घरातल्या प्रत्येक उपकरणाची एका कागदावर यादी करावी. उपकरणाच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रकात '८०२.११' या आकड्यापुढे अक्षरे असतात. त्यांत 'ए' किंवा 'एसी' असेल तर ते ५ गिगाहर्ट्झवर चालते. फक्त 'बी/जी/एन' असेल तर बहुधा चालत नाही. स्वस्त लॅपटॉप, काही वर्षांपूर्वीचे टीव्ही आणि बहुतेक प्रिंटर या दुसऱ्या गटात मोडतात. स्मार्ट बल्ब, प्लग, सोलर इन्व्हर्टरचा वाय-फाय डोंगल, कमी किमतीचे कॅमेरे हे तर जवळपास सगळेच २.४ वर चालणारे असतात. त्यांच्यावर वेळ घालवू नये. त्यांना वेगाची गरजही नसते.

नंतर सध्याची स्थिती पाहावी. अँड्रॉइड फोनमध्ये जोडलेल्या वाय-फायच्या नावावर किंवा शेजारच्या चिन्हावर टिचकी मारली की 'फ्रीक्वेन्सी' आणि 'लिंक स्पीड', म्हणजे फोन आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा वेग, दिसतात. विंडोज ११ मध्ये वाय-फायच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'नेटवर्क बँड' अशी ओळ असते. मॅकवर ऑप्शनची कळ दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केले की चॅनल, सिग्नल आणि वेग अशी सगळी माहिती उघडते. आयफोन मात्र सेटिंग्जमध्ये बँड दाखवत नाही, म्हणून त्यासाठी राउटरच्या पानावरची (ते कसे उघडायचे ते पुढे येते) जोडलेल्या उपकरणांची यादी पाहावी लागते. लिंक स्पीडच्या आकड्यावरूनही अंदाज बांधता येतो. ७२ किंवा १४४ एमबीपीएस दिसले तर तो बहुधा २.४ गिगाहर्ट्झ आणि ४३३, ८६६ किंवा १२०१ दिसले तर ५ गिगाहर्ट्झ. प्रत्यक्ष मिळणारा वेग या आकड्याच्या निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत असतो, हे लक्षात घेतले की २०० चे कनेक्शन ७२ च्या वाटेने ४० वर का अडते, ते आपोआप कळते.

आता सिग्नल मोजावा. अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारची मोफत ॲप मिळतात. ती दोन्ही बँडचा सिग्नल डीबीएम या एककात दाखवतात. हा आकडा ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत चांगला, उणे ७० च्या पलीकडे कसाबसा आणि उणे ८० ला काम होत नाही. फोनवरच्या कांड्यांवर विश्वास ठेवू नये, कारण त्या बँड सांगत नाहीत आणि वेगही सांगत नाहीत.

माझ्या दोन बेडरूमच्या घरात पहिल्यांदा मोजले तेव्हा राउटर मुख्य दाराच्या वर, माळ्याच्या कोपऱ्यात, विजेच्या मेन स्विचच्या डब्याला खेटून बसवलेला होता. हॉलमध्ये सोफ्यावर २.४ चा सिग्नल उणे ४२ आणि ५ चा उणे ५० आला. स्वयंपाकघरात ते आकडे उणे ५८ आणि उणे ७३ झाले, तर मागच्या बेडरूममध्ये उणे ६१ आणि उणे ७८. आईचा टॅब ओट्याशेजारी असतो आणि त्यावरचे व्हिडिओ सारखे अडकत. मी त्या टॅबला दोष देत होतो. पण उणे ७३ आणि उणे ५८ यांत त्याने उणे ५८ निवडला, यात त्याचे काय चुकले?

जागा बदलणे: सर्वांत मोठा फरक इथे पडतो

फायबर जिथून घरात येतो तिथेच डबा, म्हणजे कंपनीने दिलेला राउटर, ठोकून मोकळे होण्याची पद्धत आहे आणि ती जागा बहुधा दाराजवळ किंवा टीव्हीच्या मागे असते. राउटर शक्य तितका घराच्या मध्यावर, पाच-सहा फूट उंचीवर, उघड्यावर असावा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, माळ्यावरची पाण्याची टाकी ही सगळी ५ गिगाहर्ट्झच्या वाटेतली धोंड आहे. भिंतींचा प्रकारही पाहावा. साडेचार इंची विटांची आतली भिंत लहरी बऱ्यापैकी पार करतात. जुन्या वाड्यांच्या दगडी आणि कोकणातल्या चिऱ्याच्या जाड भिंतींत त्या अडतात. पुण्या-मुंबईच्या अलीकडच्या उंच इमारती मायव्हन पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून, सगळ्या भिंती सळई-काँक्रीटमध्ये ओतून बांधलेल्या असतात. तिथे आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असल्याने एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना ५ गिगाहर्ट्झ फार दुबळा होतो. अशा घरात राउटर दोन खोल्यांची दारे समोरासमोर येतात त्या पॅसेजमध्ये ठेवावा, म्हणजे लहरी भिंतीतून जाण्याऐवजी दारातून जातात.

फायबरची बारीक वायर स्वतः ओढू किंवा दुमडू नये. तीव्र वळण दिले की त्यातला प्रकाश गळतो आणि कनेक्शनच बंद पडते. एकतर कंपनीच्या माणसाकडून डबा हलवून घ्यावा, नाहीतर तो तिथेच ठेवून मध्यावर वेगळा राउटर बसवावा आणि दोघांना कॅट-६ केबलने जोडावे. वेगळा राउटर लावल्यास डब्याचे स्वतःचे वाय-फाय बंद करायला विसरू नये, नाहीतर जुन्या नावाला जोडलेली उपकरणे दाराजवळच्या डब्यालाच चिकटून राहतील. मी डबा पॅसेजच्या भिंतीवर घेतला आणि स्वयंपाकघरातला ५ गिगाहर्ट्झ उणे ७३ वरून उणे ६२ वर आला. राउटरच्या एकाही सेटिंगला तोपर्यंत हात लावलेला नव्हता.

राउटरच्या आतली कामे

राउटरला जोडलेल्या लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा पत्ता टाकला की राउटरचे पान उघडते; नेमका पत्ता आणि पासवर्ड डब्याच्या खालच्या लेबलवर असतो. काहीही बदलण्यापूर्वी वाय-फायच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवावेत. गडबड झाली तर तेवढाच आधार उरतो.

पहिले काम चॅनलचे, म्हणजे बँडमधल्या छोट्या कप्प्याचे. २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी जो कमी गजबजलेला असेल तो चॅनल घ्यावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. शेजारच्या आठ-दहा घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह याच पट्ट्यात असल्याने ४० मेगाहर्ट्झची रुंदी आपल्यालाही लाभत नाही आणि शेजाऱ्यांनाही त्रास देते. ५ गिगाहर्ट्झमध्ये रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवावी; वेगातला खरा फरक या रुंदीतून येतो.

५ गिगाहर्ट्झचा चॅनल निवडणे जरा काळजीचे आहे आणि नेमका हाच भाग बहुतेकांकडून सुटतो. भारतात ऑक्टोबर २०१८ मध्ये ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हा भाग परवान्याशिवाय वापरण्यास खुला झाला, त्यामुळे चॅनल भरपूर आहेत. पण त्यांतले ५२ ते १४४ हे चॅनल रडारसोबत वाटून घेतलेले आहेत. राउटरला तिथे प्रसारण सुरू करण्यापूर्वी किमान एक मिनिट रडारची चाहूल घ्यावी लागते, आणि मध्येच रडारचा संकेत आढळला तर तो चॅनल सोडून अर्धा तास तिकडे फिरकता येत नाही. आता वीज गेली आणि आली, असे समजू. २.४ गिगाहर्ट्झ लगेच सुरू होतो, ५ गिगाहर्ट्झ मिनिटभर गप्प असतो आणि तेवढ्या वेळात घरातली सगळी उपकरणे २.४ वर जाऊन बसतात. तिथला सिग्नल चांगला असल्याने पुढे ती परत यायचे नावही घेत नाहीत. जिथे भारनियमन किंवा वारंवार वीज जाण्याचा त्रास आहे, तिथे 'सकाळी वेग होता, संध्याकाळी गेला' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. काही उपकरणांना तर हे चॅनल दिसतच नाहीत.

म्हणून चॅनल 'ऑटो'वर न सोडता ३६ किंवा १४९ यांपैकी एक निश्चित करावा. ८० मेगाहर्ट्झच्या रुंदीत ३६ म्हणजे ३६ ते ४८ आणि १४९ म्हणजे १४९ ते १६१ हा गट. दोन्ही रडारच्या बंधनातून मुक्त आहेत. १६५ मात्र घेऊ नये, कारण तिथे २० मेगाहर्ट्झचीच जागा मिळते. परदेशातून आणलेल्या एखाद्या उपकरणाला १४९ दिसत नसेल, तर ३६ वर यावे. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. तो लावला की वीज जाण्या-येण्याचा प्रश्नच उरत नाही आणि माझ्या मते तो प्रत्येक घरात असावा.

दुसरे काम नावाचे. दोन्ही बँडना एकच नाव, एकच पासवर्ड आणि एकच सुरक्षा प्रकार द्यावा. एकीकडे डब्ल्यूपीए२ आणि दुसरीकडे डब्ल्यूपीए३ असेल, तर नाव सारखे असूनही उपकरणे त्यांना वेगळी नेटवर्क समजतात आणि जुन्यालाच धरून राहतात.

तिसरे काम राउटरच्या सेटिंगांमध्ये सर्वांत परिणामकारक आहे, आणि ते म्हणजे २.४ गिगाहर्ट्झची ताकद मुद्दाम कमी करणे. वायरलेसच्या 'ॲडव्हान्स्ड' पानावर 'ट्रान्समिट पॉवर' अशी सोय असते. कुठे 'हाय, मीडियम, लो' तर कुठे टक्के. ५० टक्के म्हणजे सिग्नल ३ डेसिबलने कमी आणि २५ टक्के म्हणजे ६ डेसिबलने. दोन बँडमधला मूळचा फरक सहा-सात डेसिबलचा आहे, हे वर आलेच आहे. म्हणजे २.४ ला २५ टक्क्यांवर आणले की मोकळ्या जागेत दोघे जवळजवळ बरोबरीला येतात आणि बरोबरी झाली की बहुतेक आधुनिक फोन आपणहून ५ गिगाहर्ट्झ घेतात. ५ गिगाहर्ट्झची ताकद पूर्णच ठेवावी. २.४ कमी केल्यावर गॅलरीतला कॅमेरा, दाराची घंटा आणि लांबचे बल्ब अजून चालतात का, ते मात्र त्याच दिवशी पाहावे आणि एखादे तुटत असेल तर ५० टक्क्यांवर यावे.

आता 'स्मार्ट कनेक्ट' किंवा 'बँड स्टीअरिंग' चालू करावे. या सोयीने राउटर उपकरणाला २.४ वर उत्तर देण्यास विलंब करतो किंवा जोडलेल्या उपकरणाला ५ वर जाण्याची विनंती पाठवतो. उपकरण ती मानतेच असे नाही. म्हणूनच जागा, चॅनल आणि ताकद ही कामे आधी उरकलेली असावीत; ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ७५ असेल तर कितीही स्टीअरिंग केले तरी फोन जाऊन परत येतो आणि मधल्या मध्ये कॉल तुटतो. काही राउटरमध्ये 'रोमिंग असिस्टंट' नावाची सोय असते. ती ठरावीक पातळीपेक्षा क्षीण सिग्नल असलेल्या उपकरणाला तोडून टाकते. घरात एकच राउटर असेल तर ही सोय ५ गिगाहर्ट्झसाठी बंद ठेवावी, नाहीतर आपणच उपकरणांना खाली ढकलू.

उपकरणांच्या बाजूने

विंडोज लॅपटॉपवर ही निवड स्पष्टपणे सांगता येते. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडून 'नेटवर्क अडॅप्टर्स'मधल्या वाय-फायच्या नावावर दोनदा क्लिक करावे, 'ॲडव्हान्स्ड' टॅबमध्ये 'प्रिफर्ड बँड' शोधावे आणि 'प्रिफर फाइव्ह गिगाहर्ट्झ बँड' निवडावे. त्याच यादीत 'रोमिंग अग्रेसिव्हनेस' असते. ती मधल्या पातळीवरच राहू द्यावी, कारण सर्वांत वरची पातळी ठेवली की लॅपटॉप सारखा दुसरे नेटवर्क शोधत बसतो. ड्रायव्हर अद्ययावत झाल्यावर ही पसंती पुसली जाऊ शकते, म्हणून अधूनमधून पाहावे. लिनक्सवर नेटवर्कच्या जोडणीच्या संपादनात वाय-फायच्या टॅबमध्ये 'बँड' असते. तिथे 'ए' म्हणजे ५ गिगाहर्ट्झ. पण ती पसंती नसून सक्ती आहे, सिग्नल गेला तर लॅपटॉप २.४ वर उतरणार नाही.

जुन्या अँड्रॉइडमध्ये 'फक्त ५ गिगाहर्ट्झ' असा पर्याय होता. आताच्या बहुतेक फोनमध्ये तो नाही. आयफोनमध्येही नाही. पण आयफोन कसा वागतो, हे ॲपलने जाहीर केले आहे आणि ते समजून घेण्यासारखे आहे. जोडलेला सिग्नल उणे ७० पेक्षा क्षीण होईपर्यंत आयफोन दुसरा पर्याय शोधायलाच निघत नाही, आणि मॅकसाठी ही मर्यादा उणे ७५ आहे. म्हणजे २.४ वर उणे ५८ ला बसलेल्या आयफोनला हलण्याचे काहीच कारण नसते. म्हणून राउटरमध्ये बदल केल्यावर प्रत्येक फोनचे वाय-फाय एकदा बंद करून, राउटरच्या जवळ उभे राहून, पुन्हा चालू करावे. पहिली निवड योग्य झाली की बाकीचे सोपे होते.

टीव्ही हलत नाही, त्यामुळे त्याला केबल लावणे चांगले, असे सर्रास सांगितले जाते. बहुतांशी ते खरे आहे आणि हवेतली जागाही मोकळी होते. मात्र पुष्कळ टीव्हींचे लॅन पोर्ट १०० एमबीपीएसपुरतेच असते. ४के चित्रपटासाठी २५ एमबीपीएस पुरतात, म्हणून अडत नाही. पण केबल लावूनही वेगचाचणीचा आकडा ९५ च्या आसपास थांबला तर घाबरू नये.

घरात रेंज एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचा सिग्नल पुढे पसरवणारा डबा, असेल तर तो आधी तपासावा. '३०० एमबीपीएस' लिहिलेले स्वस्त एक्स्टेंडर फक्त २.४ वर चालतात. राउटरचेच नाव घेऊन ते घरभर जोरदार २.४ पसरवतात आणि आपण केलेल्या सगळ्या कामावर पाणी पडते. तो काढून टाकावा किंवा त्याला निराळे नाव द्यावे.

बल्ब आणि प्लग

ही उपकरणे पहिल्यांदा जोडताना अडून बसतात, कारण फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो आणि बल्बला ते नेटवर्क ऐकूच येत नाही. राउटरमध्ये गेस्ट (पाहुण्यांसाठीचे) नेटवर्क किंवा 'आयओटी' (स्मार्ट उपकरणांसाठीचे) नेटवर्कची सोय असेल तर ते फक्त २.४ वर, वेगळ्या नावाने सुरू करावे आणि बल्ब, प्लग, कॅमेरे कायमचे तिथे बसवावेत. बल्ब जोडताना फोनही तात्पुरता त्याच नावावर न्यावा. तशी सोय नसेल तर जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झ दहा मिनिटे बंद ठेवला तरी चालते.

नावे वेगळी करणे केव्हा

दोन बँडना दोन नावे द्यावीत हा सल्ला सर्वांत आधी दिला जातो. मला तो शेवटचा वाटतो. नावे वेगळी केली की मागच्या खोलीत गेलेला फोन ५ गिगाहर्ट्झला क्षीण होईपर्यंत धरून राहतो आणि घरच्यांनी हाताने नेटवर्क बदलण्याची अपेक्षा ठेवावी लागते, जी कधी पूर्ण होत नाही. पण वरचे सगळे करूनही एखादा टीव्ही किंवा डेस्कटॉप २.४ सोडत नसेल आणि त्याच्या जागी ५ चा सिग्नल उणे ६८ पेक्षा चांगला असेल, तर नावे वेगळी करण्याला पर्याय नाही. मग त्या उपकरणातून जुने नाव 'फर्गेट' करून पूर्णपणे पुसावे. नुसते नवे जोडून भागत नाही, कारण वीज गेल्यावर ते पुन्हा जुन्याकडेच जाते.

दुसऱ्या दिवशीची पाहणी

बदल केले त्याच संध्याकाळी निष्कर्ष काढू नये. एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा, घरातली माणसे बाहेर जाऊन परत येऊ द्यावीत, मग रात्री नऊच्या सुमारास, शेजारचेही सगळे राउटर कामाला लागलेले असताना, राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी आणि कागदावरच्या यादीशी ताडून पाहावी. नंतर राउटरची वीज मुद्दाम बंद करून दोन मिनिटांनी चालू करावी आणि पाच मिनिटांनी यादी पुन्हा पाहावी; चॅनल रडारच्या भागातला राहिला असेल तर तो इथे उघडा पडतो. माझ्या घरी या दुसऱ्या चाचणीनंतर फोन, लॅपटॉप आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्झवर होते, बल्ब आणि प्रिंटर २.४ वर, आणि ओट्याशेजारच्या टॅबसमोर उणे ६२ व ४३३ असे दोन आकडे होते.